परदेशात पासपोर्ट हरवला तर भारतात परत कसं यायचं

पासपोर्ट जागेवर नाही हे लक्षात आलं की हातपाय गार पडतात. तरीही पोलिसांकडे धावण्याआधी अर्धा तास नीट शोधा. चेक-इनच्या वेळी झेरॉक्ससाठी दिलेला पासपोर्ट हॉटेलच्या रिसेप्शनवरच राहिलेला असू शकतो. पैसे बदलले ते काउंटर, सिम कार्ड घेतलं ते दुकान, सोबतच्या माणसांच्या बॅगा, सगळीकडे विचारा. हरवल्याची नोंद झाली की पासपोर्ट रद्द होतो आणि त्याचा नंबर इंटरपोलच्या हरवलेल्या कागदपत्रांच्या यादीत जाऊ शकतो. दोन दिवसांनी तो बॅगेच्या अस्तरात सापडला, तरी त्यावर प्रवास करायचा नाही. विमानतळावर अडवलं जाण्याची शक्यता असते.

शोधून सापडला नाही, तर मात्र त्याच दिवशी जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवा. तोंडी सांगून भागत नाही. शिक्का आणि तक्रार क्रमांक असलेला कागद हातात घ्या. इटलीत त्याला ‘देनुन्चा’ म्हणतात. तुम्ही असाल त्या देशातला शब्द हॉटेलवाल्याला विचारून घेतलात तर ठाण्यात वेळ वाचतो. कागदावर नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक बरोबर आहे ना, हे तिथेच उभं राहून तपासा. पुढे दूतावास आणि इमिग्रेशन, दोघंही हाच कागद मागतात.

मग भारतीय दूतावास गाठायचा. त्यासाठी राजधानीलाच जावं लागतं असं नाही. मिलानमध्ये पासपोर्ट गेला तर रोमला जायची गरज नाही, मिलानमध्ये भारताचा महावाणिज्य दूतावास आहे. लंडन, सिंगापूर, नैरोबी अशा राष्ट्रकुलातल्या शहरांत पाटीवर ‘उच्चायोग’ लिहिलेलं दिसेल, काम तेच. काही देशांत आपला दूतावासच नसतो, शेजारच्या देशातल्या दूतावासाकडे ते काम असतं. लक्झेंबर्गचं ब्रसेल्सहून चालतं. वेबसाइटवर आपत्कालीन फोन नंबर असतो. सुट्टीचा दिवस असला तरी त्यावर फोन करा आणि परतीचं विमान कधी आहे ते पहिल्या वाक्यात सांगा. अर्ज दूतावासात द्यायचा की त्यांनी नेमलेल्या बाहेरच्या अर्ज केंद्रात, शुल्क रोख की कार्डाने, फोटो कोणत्या मापाचा, हे त्याच फोनवर विचारून घ्या. फोटोचं माप चुकलं म्हणून परत फिरणं अशा वेळी फार जड जातं.

आता सगळ्यात महत्त्वाचा निर्णय, आणि इथेच घाईत चूक होते. दूतावासाकडून दोन गोष्टी मिळू शकतात. एक, इमर्जन्सी सर्टिफिकेट. ते भारतात परतण्यापुरतं, एकाच प्रवासाचं कागदपत्र आहे. ते लवकर मिळतं, पण ते घेऊन तिसऱ्या देशात फिरायला जाता येत नाही. दोन, हरवलेल्याच्या बदली नवा पासपोर्ट. त्याला वेळ लागतो, कारण भारतातून पडताळणी व्हावी लागते.

आठवडाभराच्या सहलीला गेलेल्यांनी सर्टिफिकेट घेऊन घरी यावं, हे सरळ आहे. पण तुम्ही तिथे शिकत असाल, नोकरी करत असाल, तर घाबरून सर्टिफिकेट घेऊ नका. ते घेतलं की भारतात यावंच लागतं, मग इथे नवा पासपोर्ट, नव्याने व्हिसा, आणि तिकडे सेमिस्टर किंवा नोकरी खोळंबलेली. कष्टाने मिळवलेली जागा अशी हातची जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. तिथेच थांबा, नव्या पासपोर्टचा अर्ज करा, विद्यापीठाला किंवा कंपनीला लगेच कळवा.

अर्जासोबत पोलिसांचा कागद, फोटो, पासपोर्ट कसा गेला याचं लेखी निवेदन आणि तुम्ही भारतीय नागरिक आहात हे दाखवणारं जे असेल ते द्या. जुन्या पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची प्रत असेल तर काम सोपं होतं. शेवटच्या पानावर आईवडिलांची नावं, पत्ता आणि फाइल क्रमांक असतो, म्हणून तेही पान हवं. प्रत जवळ नसेल तर ट्रॅव्हल एजंटकडे, व्हिसाच्या जुन्या ईमेलमध्ये, घरच्यांच्या फोनमध्ये शोधा. व्हिसाची प्रत आणि परतीचं तिकीटही जोडा. लहान मुलाचा पासपोर्ट गेला असेल तर आईवडील दोघांच्या सह्यांचं आधीच विचारा.

पैसेही गेले असतील तर संकोच करू नका. अडचणीत सापडलेल्या भारतीयांसाठी २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. खरोखर निराधार अवस्थेत असलेल्यांना त्यातून राहण्याची आणि परतीच्या तिकिटाची मदत मिळू शकते. दूतावासाकडून दादच मिळत नसेल, तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार करता येते.

सर्टिफिकेट मिळालं की लोक थेट विमानतळावर जातात आणि तिथे अडकतात. तुमचा व्हिसा आणि प्रवेशाचा शिक्का हरवलेल्या पासपोर्टवर होता, त्यामुळे तुम्ही कायदेशीर आलात याचा पुरावाच हातात उरलेला नाही. व्हिएतनाम आणि चीनमध्ये अशा वेळी स्थानिक इमिग्रेशनकडून बाहेर पडण्याचा व्हिसा घ्यावा लागतो. इतर देशांत काय लागतं ते सर्टिफिकेट हातात घेतानाच दूतावासाला विचारा. या कामाचे दिवस धरूनच तिकीट पुढे ढकला.

तिकीट शक्यतो थेट भारताचं घ्या. वाटेत विमान बदलायचं असेल तर सर्टिफिकेटवर त्या देशातून जाता येईल का, हे विमान कंपनीकडून ईमेलवर लेखी मागा. तिकिटावरचं नाव सर्टिफिकेटवरच्या नावाशी अक्षर न अक्षर जुळायला हवं.

विमानात बसण्याआधी सर्टिफिकेटचे दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो काढून ठेवा. भारतात आल्यावर पासपोर्ट सेवेच्या वेबसाइटवर ‘हरवला’ या कारणाखाली पुन्हा पासपोर्टसाठी अर्ज करताना ते आणि परदेशातल्या पोलिसांचा कागद दोन्ही लागतील.