कंटेनरच्या केबिनला बाहेरून लाकडी फळ्या कशा लावाव्यात

मालवाहतुकीच्या लोखंडी कंटेनरपासून केलेल्या केबिनला लाकूड लावायचे म्हटले की चर्चा सुरू होते ती फळीच्या जातीवर आणि पॉलिशवर. पण लाकूड टिकणार की कुजणार, हे फळीच्या मागच्या बोटभर पोकळीत ठरते. फळ्यांच्या फटींतून थोडे पाणी आत जाणारच. ते खाली निथळायला आणि उरलेली ओल वाऱ्याने सुकायला वाट हवी. पुढचा सगळा खटाटोप या वाटेसाठी आहे.

दारे-खिडक्यांची कापाकापी आधी उरका. भिंतीचा पत्रा जेमतेम 1.6 ते 2 मिमी जाडीचा असतो आणि पन्हळीमुळेच ताठ उभा राहतो. भोक पाडले की तो लचकतो, म्हणून प्रत्येक भोकाला बॉक्स पाइपची चौकट वेल्ड करून घ्या. फळ्या लागल्यावर वेल्डिंग केले तर ठिणग्यांनी लाकूड पेटण्याची भीती असते.

मग गंज. तारेच्या ब्रशने किंवा ग्राइंडरने तो खरवडा, झिंक प्रायमर मारा आणि वर रंग द्या. ‘कॉर्टेन स्टील आहे, त्याला काही होत नाही’ असे ऐकाल. कंटेनरच्या या खास पोलादावर गंजाचा घट्ट थर बसतो आणि पुढचा गंज मंदावतो हे खरे, पण त्यासाठी पत्रा भिजून पुन्हा सुकायला हवा. सतत ओलसर राहणाऱ्या झाकल्या जागी तो साध्या लोखंडासारखाच गंजत जातो. फळ्या लागल्यावर तिथे हात पोचणार नाही, तेव्हा इथे घाई नको.

आता रिपा, म्हणजे ज्यांवर फळ्या बसवायच्या त्या लाकडी पट्ट्या. आडव्या फळ्यांना उभ्या रिपा लागतात, उभ्या फळ्यांना आडव्या. मी उभ्या फळ्या निवडीन. कंटेनरच्या पन्हळी उभ्या असतात, त्यामुळे आडवी रीप उंचवट्यांवर बसवली तरी मागच्या खोलगट भागातून हवा खालून वर खेळती राहते. मात्र आडव्या रिपेची वरची कड रंध्याने बाहेरच्या अंगाला उतरती करा, नाहीतर तिच्यावर पाणी साचेल. रिपा निदान 25 मिमी जाडीच्या आणि वाळवी-बुरशीविरुद्ध प्रक्रिया केलेल्या घ्या. दोन रिपांत 400 ते 600 मिमी अंतर पुरते. त्या सेल्फ ड्रिलिंग (स्वतःच भोक पाडणाऱ्या) स्क्रूने थेट पत्र्यात बसवा, आणि रीप व पत्रा यांच्यामध्ये रबरी पट्टी द्या. स्क्रूची टोके आतल्या बाजूला येतात, हे वायरिंगच्या आधीच लक्षात घ्या. वापरलेल्या कंटेनरला पोचे असतातच, म्हणून दोरी ताणून पाहा आणि खोलगट जागी रिपेखाली पॅकिंग घाला.

फळ्या आणल्या की काही दिवस जागेवरच, सावलीत, मध्ये चिपा घालून रचून ठेवा. तिथल्या हवेशी जुळल्या की नंतर कमी हलतात. लाकूड रुंदीत फुगते, लांबीत जवळपास नाही. त्यामुळे दोन फळ्यांत काही मिमी फट सोडा किंवा एकीवर दुसरी चढवा. घट्ट भिडवलेली फळी पावसात फुगून बाहेर येते. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच घ्या. ओक, सिडारसारख्या लाकडात साध्या स्क्रूभोवती काळे ओघळ उमटतात. कापलेली प्रत्येक कड तेल किंवा सीलरने लगेच भरा, कारण फळी सर्वांत जास्त पाणी पिते ती टोकाने.

फळीचे खालचे टोक जमिनीपासून निदान 150 मिमी वर ठेवा, म्हणजे उडणारे शिंतोडे लागणार नाहीत. पोकळी खाली-वर उघडी हवी. तिथे फक्त बारीक जाळी लावा, कीटक आत घर करणार नाहीत. खिडकीच्या माथ्यावर पत्र्याची पट्टी दुमडून बसवा. तिची बाहेरची कड खाली वळलेली असली की पाणी फळीमागे न जाता पुढे टपकते.

फळीच्या दर्शनी बाजूला तेल किंवा पॉलिश नाही लावले तरी चालते, लाकूड फक्त राखाडी होते.

मूळचे लोखंडी दरवाजे तसेच ठेवणार असाल तर बिजागरीकडची बाजू आधी मोजा. हे दरवाजे पूर्ण मागे वळून लांब भिंतीला टेकतात. रीप आणि फळी मिळून 45-50 मिमी झाली की ते आधीच अडतात. आणि केबिन कधी हलवायची असेल तर चारही कोपऱ्यांतले ओतीव ठोकळे झाकू नका. क्रेनच्या साखळ्या तिथेच अडकवतात.