‘शापित गंधर्व’ पुरे झालं: पडझड झालेल्या सेलिब्रिटीवर लिहिताना या चुका टाळा

श्रावण लागला की आमच्या दिवाळी अंकाकडं लेख यायला लागतात, निपाणी, खानापूर, शहापूर, सगळीकडनं, आणि त्यात कुणातरी बुडालेल्या स्टारवरचा लेख असतोच. बेळगावात बसून मुंबईच्या माणसावर रडायची आपल्याला भारी हौस. रडा, पण जरा बघून.

सध्या क्रिकेटवाला विनोद कांबळी. डिसेंबर 2024 मध्ये शिवाजी पार्कला त्याच्या आणि सचिनच्या कोच आचरेकर सरांच्या स्मारकाच्या कार्यक्रमात त्यानं खुर्चीत बसूनच सचिनचा हात धरलेला व्हिडिओ सगळ्यांनी बघितला, आणि सगळ्यांचे लेख तिथनंच सुरू. अरे, पहिल्याच ओळीत माणसाला खुर्चीत बसवलास की पुढं तीन पानं तो उठतच नाही, वाचक नुसता ‘अरेरे’ करत पानं उलटतो. मी तो पहिला परिच्छेद सरळ कापतो आणि लेख लिहिलेल्या पोराला विचारतो, 1993 ला लागोपाठच्या दोन टेस्टमध्ये 224 आणि 227 मारलेले कुठायत? 17 टेस्ट, सरासरी 54.20, आणि शेवटची टेस्ट 1995 ला, वय 23. हे आधी लिही म्हणतो, मग दारूवर ये. एवढी सरासरी असलेला पोरगा तेविसाव्या वर्षी टेस्टमधनं कायमचा बाहेर का जातो हे वाचकाला टोचलं पाहिजे, मग कळवळा आपोआप येतो, विशेषणं लागत नाहीत.

दुसरी चूक मी स्वतः केलोय म्हणून जास्त बोलतो. बरीच वर्षं झाली, इथल्याच एका नाटकवाल्या नटावर लिहिलो होतो, नाव सांगत नाही. एकेकाळी प्रयोग हाऊसफुल्ल, नंतर दारू, मग कोण विचारीना. चार दिवस त्याच्याकडं जाऊन बसलो, चहा पिलो, त्याच्यासारखाच हळवा झालो आणि ‘जगानं ओळखलं नाही’ असलं काहीतरी ठोकून दिलो. लोकांचे फोन आले, मी खूश. आठवड्यानं त्याची बायको, आमच्या वहिनी, दारात. बसल्या पण नाहीत. “चांगलं लिवलासा की ओ भाऊजी,” म्हणाल्या, “खरं माझ्या पाटल्या कुठं गेल्या ते कुठं लिवलासा?” मला पाणी द्यायचं पण सुचलं नाही. त्या चार दिवसांत त्या आतल्या खोलीतच होत्या, मी एकदाही विचारलो नव्हतो. तेव्हापासनं माझी सवय, घरातल्या दुसऱ्या माणसाशी बोलल्याशिवाय लेख पुरा झाला म्हणत नाही. त्या माणसाचा राग लेखात आला म्हणून नटाबद्दलची माया कमी होत नाही, उलट ती खरी वाटते.

“सर, मुलाखतच देत नाहीत, मग गूगलवरनं घेतलो,” असं सांगणारे पण खूप. अमेरिकन गायक फ्रँक सिनात्रा पत्रकार गे टलीजशी बोलायला तयार नव्हता, तर हा टलीज बाबा सिनात्राच्या आजूबाजूच्या माणसांशी बोलत, लांबनं बघत राहिला, आणि 1966 च्या एप्रिलमध्ये एस्क्वायर मासिकात जे छापून आलं ते अजून लोक वाचतात. तुम्हाला दोन दिवसांत लेख पाहिजे, तिथंच घोळ आहे.

बाकीच्या चुका पटापट. डिप्रेशन, बायपोलर असलं निदान आपण करायचं नाही, डॉक्टर नाही आपण. मनोरुग्णालयात उपचार घेणाऱ्याचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय मीडियाला द्यायची नाही, 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यातच आहे, कलम 24. जुन्या हिंदी सिनेमातल्या भगवानदादांवर लिहिताना जुहूच्या बंगल्यावरनं थेट दादरच्या चाळीत उडी मारू नका, मधली कित्येक वर्षं ते बारीकसारीक रोल करत होते, ती पण लिहा. शेवटी सूर्यास्त नको. ‘नियती’ शब्द दिसला की मी चहाला उठतो.

आणि लेख अनंत चतुर्दशीच्या आत द्या. वहीचे फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवू नका, जोडाक्षरं दिसत नाहीत.