पॉपीची रोपं माना टाकत होती, ते कसं थांबलं

पुण्यात गच्चीवर शर्ली पॉपीची रोपं ट्रेमध्ये मस्त यायची आणि कुंडीत हलवली की माना टाकायची, कारण पॉपीला सोटमूळ असतं, त्याला धक्का अजिबात चालत नाही. मग नोव्हेंबरात थंडी पडल्यावर बी थेट मोठ्या कुंडीतच टाकलं, कोरड्या बारीक वाळूत मिसळून, वरून माती न घालता नुसतं हाताने दाबलं आणि पाणी झारीऐवजी स्प्रेने, नाहीतर खसखशीपेक्षाही बारीक बी वाहून एका कोपऱ्यात जमा होतं. (अफूवाली खसखस घरी लावू नका हां, लायसन्स लागतं.) विरळणी जिवावर येते पण करायचीच, १५-२० सेंमी अंतर ठेवून, आणि जादा रोपं उपटायची नाहीत, कात्रीने कापायची. फेब्रुवारीत लालभडक फुलं आली!