मणी हाती आल्यावरच तार: गुंफणीच्या दागिन्यांची तयारी

तार गुंडाळून मण्यांचे दागिने घडवायचे ठरले की बहुतेक जण आधी तारेचे रीळ आणतात आणि मग मणी शोधतात. माझ्या मते हा क्रम उलटा असावा, कारण कोणती तार चालेल हे शेवटी मण्याचे भोकच ठरवते. मोत्यांची भोके फार बारीक, साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटरची असतात. खड्यांच्या मण्यांची भोके बरीच वेळा एक मिलिमीटरच्या आसपास असतात, तर काचमण्यांत पुष्कळ फरक आढळतो. म्हणून मणी हातात आल्यावर एकाच मण्यावर विसंबू नये. एका सरातले चार-पाच मणी निवडून तारेचा तुकडा आरपार जातो का, हे पाहावे. पुष्कळ मण्यांना दोन्ही बाजूंनी भोक पाडलेले असते आणि मध्यभागी ते नीट जुळलेले नसते, त्यामुळे तोंडाशी सहज शिरलेली तार आत अडते. असे भोक हिरकणीच्या पुडीचा थर असलेल्या बारीक कानशीने रुंद करता येते. मात्र ते काम मणी पाण्यात ओला ठेवून आणि हलक्या हाताने करावे, नाहीतर मणी तापून तडकतो.

भोक मोजून झाले की तारेची जाडी ठरवावी, आणि ती मिलिमीटरमध्येच लिहून ठेवावी. गेजचा, म्हणजे तारेची जाडी सांगणाऱ्या क्रमांकाचा, आकडा वाढतो तशी तार बारीक होते, इतके बहुतेकांना ठाऊक असते. पण गेजच्या पद्धती एकाहून अधिक आहेत, याकडे दुर्लक्ष होते. अमेरिकन पद्धतीची २० गेज तार ०.८१ मिलिमीटरची, तर ब्रिटिश पद्धतीची २० गेज तार ०.९१ मिलिमीटरची असते. एक दशांश मिलिमीटरचा हा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण मोत्याच्या किंवा खड्याच्या भोकाशी तार अडते ती तेवढ्यानेच. कानातल्यांचे हुक आणि चौकटी यांसाठी ०.८, मणी एकमेकांना जोडण्यासाठी ०.६, मोत्यांसाठी ०.५ किंवा ०.४ आणि जाड तारेवर नक्षीचे वेढे घालण्यासाठी ०.३ मिलिमीटर, एवढ्या जाडीच्या तारा जवळ असल्या तर बहुतेक कामे भागतात.

जाडीइतकाच तारेचा कडकपणाही विचारून घ्यावा. मऊ तार खड्याभोवती सहज वळते, पण हुकाचा आकार धरून ठेवत नाही. त्यासाठी अर्धकडक तार बरी. तार प्रत्येक वळणाबरोबर कडक होत जाते, आणि एकाच जागी पुन्हापुन्हा वाकवली तर तुटते. कोरी तार तापवून पुन्हा मऊ करता येते, पण मणी ओवल्यावर तो मार्ग उरत नाही. म्हणून बिघडलेला फास, म्हणजे तारेच्या टोकाशी वळवलेली गोल कडी, उलगडून सरळ करत बसण्यापेक्षा तो तुकडा बाजूला ठेवून नवी तार घेणे शहाणपणाचे.

सरावासाठी साधे तांबे घ्यावे. ते मऊ आणि स्वस्त असते. चांदीचा मुलामा दिलेली तांब्याची तार दिसायला सुंदर असते, पण पकडीचे टोक घासले की मुलामा खरवडतो आणि आतले तांबे उघडे पडते. ९२५ शिक्क्याच्या चांदीत ९२.५ टक्के चांदी आणि उरलेले मुख्यत्वे तांबे असते; हवेतल्या गंधकामुळे ती काळवंडते, म्हणून ती हवाबंद पिशवीत ठेवावी. कानातल्यांच्या हुकांबाबत मात्र तडजोड करू नये. अनेकांच्या त्वचेला निकेल सोसत नाही, त्यामुळे हुकाच्या धातूत निकेल नाही, याची विक्रेत्याकडून खात्री करून घ्यावी.

अवजारे तीनच लागतात: गोल टोकांची पक्कड, निमुळत्या चपट्या टोकांची पक्कड आणि तार सपाट कापणारे कटर. चपट्या पकडीचे जबडे आतून गुळगुळीत असावेत. दातेरी पक्कड तारेवर कायमचे व्रण उमटवते. गोल पकडीच्या टोकावर मार्करने रेघ ओढून ठेवली की प्रत्येक फास त्याच ठिकाणी वळतो आणि सगळे फास एकसारखे होतात.

मणी ओवण्याआधी गुंडाळलेला फास निव्वळ तारेवर पुष्कळदा करून पाहावा, कारण सगळी कलाकुसर त्यावर उभी असते. मण्याच्या लांबीपेक्षा सुमारे आठ सेंटिमीटर जास्त तार कापावी, म्हणजे दोन्ही बाजूंना बोटांत धरण्याइतकी तार उरते. मण्यावर दोन मिलिमीटर जागा सोडून तार काटकोनात वाकवावी; ०.६ मिलिमीटर तारेचे तीन वेढे या जागेत नेमके बसतात. वाकलेल्या तारेला गोल पकडीवरून वळसा द्यावा, पक्कड फिरवून घ्यावी आणि टोक पुढून आडवे आणावे. फासात साखळी किंवा पुढची कडी अडकवायची असेल तर ती याच वेळी, कारण वेढे पडल्यावर फास पुन्हा उघडत नाही. मग फास चपट्या पकडीत धरून टोक मण्याच्या दिशेने वेढ्याला वेढा चिकटवत न्यावे. उरलेली तार कटरची सपाट बाजू वेढ्यांकडे ठेवून कापावी आणि टोक पकडीने दाबून घ्यावे. बोट फिरवल्यावर काही टोचत असेल तर काम पुरे झालेले नाही, असे समजावे.

मणी मागवताना सराची लांबी आणि मण्याचा आकार पाहून संख्या काढावी. चाळीस सेंटिमीटरच्या सरात आठ मिलिमीटरचे सुमारे पन्नास मणी येतात. लागतील त्याहून थोडे अधिक एकाच वेळी घ्यावेत, कारण पुढच्या खेपेला तीच छटा मिळेलच असे नाही. गडद रंगाचे खडे ओल्या पांढऱ्या कापडावर घासून पाहावेत. रंग उतरला तर ते अंगावर किंवा कपड्यांवर डाग पाडतील. तारेचे कापलेले तुकडे दूरवर उडतात, म्हणून कापताना टोक तळव्याने झाकावे, डोळ्यांवर चष्मा असावा, आणि बसण्याच्या जागी तुकडे टाकायची वाटी हाताशी असावी.