दोलायमान विद्युत क्षेत्रात सोडलेल्या इलेक्ट्रॉनची गती कशी काढावी

पुणे आकाशवाणीचे मध्यम लहरींवरील प्रक्षेपण ७९२ किलोहर्ट्झवर होते, म्हणजे त्या लहरीतील विद्युत क्षेत्र सेकंदाला ७,९२,००० आवर्तने पूर्ण करते. एवढ्याच वारंवारतेच्या क्षेत्रात, निर्वात जागी, एक सुटा इलेक्ट्रॉन स्थिर अवस्थेत सोडला तर तो कसा हलेल, हे न्यूटनचा दुसरा नियम आणि बारावीचे कॅल्क्युलस एवढ्या भांडवलावर काढता येते. क्षेत्राची दिशा पुढे-मागे बदलते, म्हणून इलेक्ट्रॉनही जागच्या जागी पुढे-मागे होईल, असे गृहीत धरणे ही येथील नेहमीची चूक आहे.

प्रथम त्वरण लिहावे. प्रभार गुणिले क्षेत्र म्हणजे बल, आणि त्याला वस्तुमानाने भागले की त्वरण मिळते. इलेक्ट्रॉनचा प्रभार ऋण असल्यामुळे बलाची दिशा क्षेत्राच्या उलट असते. चिन्हांचा घोळ टाळण्यासाठी बलाचीच दिशा धन मानावी. क्षेत्र सर्वत्र सारखे धरण्यास हरकत नाही, कारण लहरीची लांबी सुमारे ३७९ मीटर आहे आणि आपला इलेक्ट्रॉन एका आवर्तनात काही सेंटिमीटरच सरकणार आहे. त्यानंतर, इलेक्ट्रॉन सोडला त्या क्षणी क्षेत्र आवर्तनाच्या कोणत्या टप्प्यावर होते, म्हणजे त्याची कला काय होती, हे कागदावर स्पष्ट नोंदवावे. सारे उत्तर या एका नोंदीवर फिरते.

आता त्वरणाचे समाकलन करून वेग काढावा आणि समाकलनाचा स्थिरांक मुळीच गाळू नये. क्षेत्र कमाल असताना इलेक्ट्रॉन सोडला, तर बल कोसाइनप्रमाणे बदलते, वेग साइनप्रमाणे येतो आणि स्थिरांक शून्य ठरतो. इलेक्ट्रॉन खरोखरच दोलन करतो, मात्र सोडलेल्या जागेभोवती नव्हे, तर तिच्यापासून एका आयामाइतक्या पुढच्या बिंदूभोवती. क्षेत्र शून्यावरून वाढू लागताना सोडला, तर बल साइनप्रमाणे बदलते आणि वेग 'एक वजा कोसाइन' या रूपात येतो, जो कधीही ऋण होत नाही. पहिल्या अर्ध्या आवर्तनात मिळालेला वेग पुढच्या अर्ध्या आवर्तनातले उलटे बल जेमतेम शून्यावर आणते, मागे फिरवायला त्याच्यापाशी काही उरत नाही, आणि तेवढ्यात पुढचा रेटा सुरू होतो. यावर विश्वास बसत नसेल, तर अप्पा बळवंत चौकातून एक आलेखवही आणून बल-काल आलेखाखालचे चौकोन मोजत जावे. समीकरणापेक्षा ती मोजणी अधिक पटते, असा माझा अनुभव आहे.

आकडे घालताना क्षेत्राचा आयाम मीटरला १ व्होल्ट धरू. कोनीय वारंवारता सेकंदाला सुमारे ४९.८ लाख रेडियन येते. प्रभार आणि क्षेत्राचा आयाम यांच्या गुणाकाराला वस्तुमान आणि कोनीय वारंवारता यांच्या गुणाकाराने भागले की वेगाचा आयाम सेकंदाला सुमारे ३५ किलोमीटर मिळतो, आणि कोनीय वारंवारतेने आणखी एकदा भागले की विस्थापनाचा आयाम सुमारे ७.१ मिलिमीटर मिळतो. हा वेग प्रकाशवेगाच्या दहा हजारांश भागाच्या आसपास असल्यामुळे लहरीतील चुंबकीय बल आणि सापेक्षतेच्या दुरुस्त्या दोन्ही वगळता येतात. दुसऱ्या प्रकारात हाच ३५ किलोमीटरचा वेग सरासरी वेग ठरतो, म्हणून इलेक्ट्रॉन प्रत्येक आवर्तनात साधारण साडेचार सेंटिमीटर एकाच दिशेने सरकत जातो.

मधल्या कोणत्याही कलेसाठी बल कोसाइनच्या रूपात लिहावे. सरकण्याचा वेग म्हणजे आरंभीचा वेग वजा वेगाचा आयाम गुणिले आरंभीच्या कलेची साइन. साइनरूपी बलाची कला उणे ९० अंश असल्याने हे सूत्र वरचेच उत्तर देते. सरकणे थांबवायचे असल्यास त्या प्रकारात इलेक्ट्रॉनला सुरुवातीलाच उलट दिशेने तेवढाच वेग द्यावा.