बोटीचा रेडिओ टेबलावरच्या सप्लायला जोडण्याआधी

जून-जुलैत मासेमारी बंद असते. वर्सोव्याच्या बोटी किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या असतात आणि त्यांच्यावरचे व्हीएचएफ सेट, म्हणजे बोलायचे रेडिओ, तपासणीसाठी माझ्या टेबलावर येतात. गेल्या पावसाळ्यात त्यातला एक धडधाकट सेट माझ्या हातून जळला. नाखवा एका शब्दाने बोलले नाहीत, पण नवा सेट घेताना त्यांचं किती बजेट कोलमडलं ते मला माहीत आहे. म्हणून यंदा पहिला सेट हातात घेण्याआधी सगळी तयारी लिहून काढतोय.

सर्वात आधी व्होल्टेज. सेट जोडायच्या आधी, मीटरने, वायरच्या रेडिओकडच्या टोकाला. तो सेट जळला त्याच्या आदल्या संध्याकाळी मी एका ट्रॉलरचा डेकवरचा दिवा तपासला होता. मोठ्या ट्रॉलरवर २४ व्होल्टची बॅटरी असते, त्यामुळे टेबलावरचा सप्लाय, म्हणजे हवं ते व्होल्टेज देणारी पेटी, २४ वर होता आणि तसाच राहिला. सकाळी लाल वायर लालला, काळी काळ्याला, सगळं नीट बघून जोडलं आणि आउटपुटचं बटण दाबलं. फट्‌ असा बारीक आवाज आला, मग उग्र वास. उघडून पाहिलं तर आत १६ व्होल्ट छापलेला कॅपॅसिटर डोक्यावर फुगून फाटला होता आणि शेजारची पट्टी काळी पडली होती. फ्यूज मात्र शाबूत! फ्यूजवर भरवसा ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. फ्यूजला करंट कळतो, व्होल्टेज कळत नाही. तो वितळेपर्यंत आतलं जायचं ते गेलेलं असतं.

हे सेट १३.८ व्होल्टचे असतात. बहुतेकांना १५ टक्के वर-खाली चालतं, म्हणजे साधारण ११.७ ते १५.९. नक्की आकडा सेटच्या पुस्तिकेत बघायचा.

मोजताना मीटर डीसीवर आहे ना, आणि लाल प्रोब व्होल्टच्या भोकात आहे ना, हे बघा. कोणी करंट मोजून प्रोब १० अँपिअरच्या भोकात तसाच ठेवला असेल तर तुम्ही सप्लाय सरळ शॉर्ट कराल. सप्लायच्या डिस्प्लेवर विसंबू नका. दोन चॅनेलवाल्या सप्लायवर सिरीजचं बटण दाबलेलं राहिलं असेल तर समोर १३.८ दिसतं आणि दोन टोकांमध्ये २७.६ मिळू शकतं. मीटर लावला की कळतं. १३.८ दिसलं की नॉबवर चिकटपट्टी मारा, कारण कोपर लागून नॉब फिरतो. चहा प्यायला उठलात, फोन आला, मध्ये दुसरं काही जोडलंत, तर परत मोजा. दहा सेकंद लागतात.

मग करंट. टेबलावर बहुतेकांकडे ३० व्होल्ट ५ अँपिअरचा सप्लाय असतो. ऐकण्यापुरता तो भरपूर झाला, पण २५ वॅटवर बोलायचं बटण दाबलं की सेट पाच-साडेपाच अँपिअर ओढतो. सप्लायची करंटची लिमिट लागते, व्होल्टेज कोसळतं, सेट बंद होऊन पुन्हा चालू होतो आणि आपण सेटमध्ये नसलेला दोष शोधत बसतो. १० अँपिअरचा सप्लाय घ्या, नाहीतर १ वॅटवरच तपासा. पहिल्यांदा चालू करताना लिमिट १ अँपिअरवर ठेवायची. आत शॉर्ट असेल तर तिथेच थांबेल. सेट नीट लागला की मग ७ पर्यंत वाढवा.

वायर जाड आणि आखूड. ०.७५ चौरस मिलिमीटरची दोन मीटर वायर वापरली तर जाऊन-येऊन चार मीटर होतात, साधारण ०.१ ओम. ५ अँपिअरला अर्धा व्होल्ट वाटेतच गेला. २.५ ची घ्या, लॅमिंग्टन रोडला कुठेही मिळते. फ्यूज पुस्तिकेत लिहिलाय त्याच आकड्याचा, आणि तोही लाल वायरमध्येच. गेलेल्या फ्यूजवर तार गुंडाळलेले सेट बोटींवरून येतात, ती तार आधी काढून टाका. बोटीच्या प्लगवर खारं पाणी सुकून पांढरट-हिरवा थर बसलेला असतो, तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नाहीतर तिथेच गरम होतं.

लाल-काळं सगळ्यांना ठाऊक आहे. फक्त बोटीवर कोणी मधे जोड देऊन रंग बदलले असतील तर सेटच्या बुडापर्यंत वायर तपासा.

अँटेनाच्या जागी ५० ओमचा डमी लोड, म्हणजे सिग्नल हवेत न सोडता उष्णतेत जिरवणारा रेझिस्टर, २५ वॅट सोसणारा. तो नसेल तर बोलायचं बटण दाबू नका, आउटपुटचे ट्रान्झिस्टर जातात. घरातली अँटेना तर नकोच, परवाना बोटीचा असतो, आपल्या खोलीचा नसतो. डमी लोड असला तरी १६ नंबरच्या चॅनेलवर आणि ७० वर (तिथे डिजिटल संकट-संदेश जातात) बोलून बघायचं नाही. १६ म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, समुद्रात कोणी बुडत असेल तर त्याची हाक तिथे येते. झाकणाखालच्या लाल डिस्ट्रेस बटणाला तर बोटसुद्धा लावू नका. डमी लोडमधूनही सिग्नलची थोडी गळती बाहेर जातेच, आणि कोस्ट गार्ड ती हाक खरी धरूनच हलतं.

आता जोडणी. सप्लायचं आउटपुट बंद, सेटचा नॉब बंद, व्होल्टेज परत एकदा मोजलं. हो, परत. मगच प्लग लावा, आउटपुट चालू करा आणि शेवटी सेट. करंट अर्धा-एक अँपिअरच्या आत राहिला तर ठीक. जास्त दिसला किंवा वास आला तर आधी आउटपुट बंद, बाकीचा विचार नंतर.

बोलून बघणं: १ वॅट, दहा सेकंद. मग २५ वॅट, दहा सेकंद, एक नजर व्होल्टेजवर. डमी लोड तापतो, हात लावू नका.

बंद करताना उलट क्रम. सेट, आउटपुट, प्लग.

सेटवर चिठ्ठी: बोटीचा नंबर, फ्यूज किती, तारीख. आणि उठण्याआधी सप्लायचा नॉब शून्यावर. पुढचा सेट जोडण्याआधी पुन्हा मीटर.