गोगलगाईचे दात घरच्या घरी कसे पाहावेत

आमच्या सोसायटीच्या पार्किंगची मागची भिंत जुलै उजाडला की हिरवीगार होते. मागच्या पावसाळ्यात त्या शेवाळावर नागमोडी रेघा उमटल्या. एकीला लागून दुसरी, जणू कुणी बारीक कंगवा डावीउजवीकडे फिरवत वर नेलाय. वॉचमनकाकांचा निकाल तयार होता, "पोरांनी खिळ्यानं ओढल्यात, दुसरं काय!" पण रेघा थेट छज्जाच्या पोटापर्यंत गेल्या होत्या, आणि तिथवर आमच्याकडच्या कुठल्याच पोराचा हात पोचत नाही. रात्री नऊला टॉर्च घेऊन खाली गेले तेव्हा चोर सापडला. एक गोगलगाय भिंतीवर जेवत होती.

"गोगलगाय आणि पोटात पाय" हे आपण लहानपणापासून ऐकतो, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष तिच्या पोटाकडे. खरी गंमत तोंडात आहे. तिच्या तोंडात हजारो दात असतात आणि ते बघायला प्रयोगशाळा लागत नाही. मुंबईत जून ते सप्टेंबर एवढा काळ आणि एक काच पुरते.

आधी खूण शोधा, मग प्राणी

सावलीतली, ओल धरणारी, शेवाळलेली भिंत निवडा. रेघा दिसल्या की मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन फोटो काढा आणि मोठा करून पाहा. प्रत्येक रेघ म्हणजे छोट्या छोट्या चाटण्यांची रांग आहे. गोगलगाय पुढे सरकताना डोकं डावीउजवीकडे झुलवते आणि प्रत्येक झुलण्यात जिभेने थोडं थोडं खरवडते, म्हणून नक्षी नागमोडी. घरात फिशटँक असेल तर आणखी सोपं. एका बाजूची काच आठदहा दिवस पुसू नका. क्रॉफर्ड मार्केटमधून आणलेल्या पाणवनस्पतींबरोबर फुकटात आलेल्या इवल्या गोगलगायी हीच नक्षी काचेवर काढून देतात, आणि त्याही आतून, म्हणजे तुम्हाला बाहेरून त्यांचं तोंड आयतं दिसतं.

हात लावण्याआधी

मुंबईच्या बागांत पावसाळ्यात सर्वांत जास्त दिसते ती तपकिरी पट्ट्यांची, टोकदार शंखाची मोठी आफ्रिकन गोगलगाय. ती इथली नाही. 1847 मध्ये बेन्सन नावाच्या इंग्रजाने मॉरिशसहून काही गोगलगायी कोलकात्यात आणून सोडल्या, आणि पुढचं आपण भोगतोय. तिच्या अंगात उंदरांच्या फुप्फुसातल्या एका कृमीची पिल्लं असू शकतात. ती माणसाच्या पोटात गेली तर मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. म्हणून उघड्या हाताने उचलू नका. दुधाची रिकामी पिशवी हातात मोज्यासारखी घाला, शंख धरून उचला, पिशवी उलटी करून फेका, मग साबणाने हात धुवा. लहान मुलांना बघू द्या, हाताळू देऊ नका. ज्या डब्यात, ज्या काचेवर हे सगळं करणार ते परत स्वयंपाकघरात न्यायचं नाही.

अंगठ्याएवढ्या शंखाची गोगलगाय घ्या. फार मोठी असेल तर तिच्या वजनाने काच उभी धरणं अवघड जातं.

काचेवरचं जेवण

जुन्या फोटोफ्रेमची काच धुऊन घ्या आणि कडांना चिकटपट्टी लावा. एक चमचा तांदळाचं पीठ थोड्या पाण्यात कालवून पातळ पेज करा आणि काचेच्या मधोमध बोटभर रुंदीचा पातळ थर द्या. घट्ट थर दिला तर काही दिसत नाही, हे मी दोनदा चुकून शिकले. काच आडवी ठेवून त्यावर गोगलगाय ठेवा, अंगावर थोडं पाणी शिंपडा आणि थांबा. ती शंखात दडून बसली तर दहा मिनिटंही लागतात. मध्येच शंखावर टकटक करू नका.

आधी वरच्या दोन लांब शिंगांवरचे डोळे बाहेर येतील. त्यांच्या खाली दोन आखूड शिंगं आहेत, ती काच चाचपतात, वास आणि चव हेरतात. पाय काचेला नीट चिकटला की काच हळूहळू उभी करा आणि पलीकडून पाहा. टॉर्चचा उजेड समोरून मारू नका, बाजूने द्या.

आता ओठांच्या मधली फट उघडेल. आत वरच्या बाजूला तपकिरी कमान दिसेल, तो जबडा. जमिनीवरच्या गोगलगाईला जबडा एकच असतो आणि तो हलत नाही, घट्ट बसलेला असतो. मग खालून एक गुलाबीसर, ओलसर गादी पुढे येईल, काचेला टेकेल, वर सरकेल आणि आत जाईल. फट मिटेल. पिठात एक स्वच्छ ठिपका उरेल. पुन्हा उघडेल. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रित करा, कारण डोळ्यांना हे सगळं एकच चाटणं वाटतं. प्रत्यक्षात तीन वेगळ्या हालचाली आहेत: गादी बाहेर काढणं, खरवडणं, आत ओढून गिळणं.

त्या गादीवर जी पट्टी ताणलेली असते तिला रॅड्युला म्हणतात. ती कायटिनची असते, म्हणजे झुरळाच्या कवचात असतो तोच पदार्थ. तिच्यावर आडव्या ओळींत सूक्ष्म दात असतात, सगळे आतल्या बाजूला वळलेले. आपल्या नारळाच्या खवणीचं पातं चपटं करून, त्याची लवचीक फीत केली तर जवळपास तसं काहीतरी होईल. फीत गादीच्या टोकावरून वळते तेव्हा दात उभे राहतात आणि पसरतात, पिठाच्या गिरणीचा पट्टा कप्पीवरून वळावा तशी. म्हणून टोकाशीच कापण्याचं काम होतं.

पिठावर किंवा शेवाळावर जबड्याला फारसं काम नाही. तो पाहायचा तर काकडीची पातळ चकती किंवा कोबीचं पान द्या. गोगलगाय पानाची कड जबडा आणि रॅड्युला यांच्यात धरते आणि तोडते. शांत रात्री कान जवळ नेलात तर मोठ्या गोगलगाईचा करकर आवाज ऐकू येतो. मला वाटलं होतं ही थाप असेल. नाही.

दात झिजले की?

शेवाळाबरोबर रेतीही खरवडली जाते, त्यामुळे पुढच्या ओळी सतत झिजतात. पट्टीच्या मागच्या टोकाला एका पिशवीत नव्या ओळी तयार होत राहतात आणि सगळी पट्टी हळूहळू पुढे सरकते. आयुष्यभर, दंतवैद्याशिवाय. ओळीतल्या दातांची मांडणी जातीगणिक वेगळी असते, त्यामुळे अभ्यासक तिच्यावरून जाती ओळखतात. बीएस्सीला प्राणिशास्त्र घेतलेल्यांना 'पायला' ही भातखाचरातली गोगलगाय आठवत असेल. तिच्या एका ओळीत 7 दात, मधे एक आणि दोन्ही बाजूंना तीन तीन. एवढं बारीक काचेवर दिसणार नाही, त्यासाठी सूक्ष्मदर्शक हवा.

शंखासाठी चुना लागतो म्हणून हीच खवणी आपल्या भिंतींवरही चालते. अंड्याचं कवच ठेवून बघा, सकाळी त्यावर ओरखडे दिसतील.

ओहोटीला चौपाटीवर

पावसाळा सरला की प्रयोग समुद्रावर न्या. गिरगाव किंवा जुहूला ओहोटीच्या वेळी शिंपल्यांचे सुटे तुकडे गोळा करा. काहींवर एक गोल, नेमकं भोक दिसेल. ते मुलींच्या माळेसाठी देवाने पाडलेलं नाही. काही सागरी गोगलगायी शिंपल्यावर आम्लयुक्त स्राव सोडतात, मग रॅड्युलाने खरवडतात, पुन्हा स्राव सोडतात, आणि कित्येक तासांनी आतला जीव खातात. भोकाची कड बशीसारखी उतरती असेल तर ते बहुधा चंद्रगोगलगाईचं काम. भिंती सरळ असतील तर काटेरी शंखवाल्या म्युरेक्सच्या कुळातल्या कुणाचं तरी.

खडकांना चिकटलेल्या टोपीसारख्या लिंपेट गोगलगायीही शेवाळ खरवडतात. त्यांच्या दातांत गोथाइट हे लोहखनिज असतं. 2015 मध्ये ब्रिटिश संशोधकांनी ताण देऊन मोजलं तेव्हा हे दात कोळ्याच्या रेशमापेक्षाही मजबूत भरले.

एक सूचना मात्र पक्की लक्षात ठेवा. शंकूच्या आकाराचा, आत जीव असलेला शंख कधीही उचलू नका. कोन गोगलगाईच्या रॅड्युलाचा प्रत्येक दात पोकळ भाल्यासारखा असतो. ती तो विषासकट भक्ष्यात मारते, आणि काही जातींचं विष माणसाला पुरून उरतं. त्याच कुळातल्या एका जातीच्या विषावरून बनवलेल्या वेदनाशामक औषधाला 2004 मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली.

शेवटचा टप्पा, थोडा घाण

पुन्हा घरच्या गोगलगाईकडे. तिला एक दिवस फक्त गाजर द्या, दुसऱ्या दिवशी फक्त पालक. खाल्लेलं अन्ननलिकेतून मोठ्या पिशवीत, तिथून जठरात जातं. पण आतडं मागे न जाता वळसा घेऊन पुन्हा पुढे येतं, कारण सगळं शरीर शंखात पिळलेलं आहे. त्यामुळे विष्ठा शेपटीकडे शोधू नका. उजव्या बाजूला, शंखाच्या काठाशी, श्वासाच्या छिद्राजवळ बारीक दोरी बाहेर येईल. गाजराच्या दिवशी नारिंगी, पालकाच्या दिवशी हिरवी. तिचं वेळापत्रक आपल्यासारखं नसतं, तेव्हा डब्यात कागद घालून सकाळी तपासा. पाहून झालं की गोगलगाय उचलली तिथेच ठेवा. कुंडीबरोबर गावच्या बागेत मात्र नेऊ नका, आंब्याच्या कलमांना ती नकोय.